थाईमची लागवड : थंड प्रदेशांतील अनुभव आणि वर्धा जिल्ह्यातील जमीन

थाईम (थायमस व्हल्गॅरिस) हे तुलसी कुलातील, वीत-दीड वीत उंचीचे, खोडाशी काष्ठमय होणारे बहुवर्षायू झुडूप आहे. त्याचे पान चुरगळले असता येणारा वास आपल्याकडील कोणासही ओव्याची आठवण करून देईल. युरोपीय पाकशास्त्रात त्याचे स्थान मोठे असून उत्तरेकडील थंड देशांच्या परसबागांतून त्याची लागवड पूर्वापार होत आली आहे. ह्यावरून हे थंड हवेचे पीक आहे, सबब वर्ध्यासारख्या जिल्ह्यात, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर चढतो, तेथे ते होणे नाही, असा तर्क सहज केला जातो. ह्या तर्काचा निष्कर्ष बव्हंशी खरा आहे; परंतु त्याचे दिले जाणारे कारण तपासून पाहण्याजोगे आहे. कारण चुकले, की उपायही चुकतो, आणि रोपावर सावली धरून बसण्यात श्रम वाया जातात.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, थाईम मूळचे थंड प्रदेशातील नव्हेच. भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागालगतच्या चुनखडीच्या, उघड्या, खडकाळ टेकड्या हे त्याचे मूळ स्थान. तेथील उन्हाळा कोरडा व प्रखर असतो. पाऊस पडतो तो हिवाळ्यात, आणि तोही बेताचा. मार्सेय शहरी वर्षभरात सुमारे ५०० ते ५५० मिलिमीटर पाऊस होतो व खडकाळ उतारावरून तो वाहून जातो. लहान पाने, आत वळलेल्या कडा आणि पृष्ठावरील तैलग्रंथी ही सर्व लक्षणे टंचाईशी जुळवून घेतलेल्या वनस्पतीची आहेत.

अशी वनस्पती उत्तरेकडील बागेत नेली असता ती कशाने मरते? शरद ऋतूत हळूहळू काटक झालेले झुडूप, जमिनीचा निचरा उत्तम असल्यास, उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासचा हिवाळाही काढू शकते. वर बर्फाची चादर असली तर अधिकच बरे, कारण भुसभुशीत बर्फात कोंडलेली हवा पांघरुणाचे काम करते. घात होतो तो चिकण व ओल्या जमिनीत. तेथे मुळांस प्राणवायू मिळत नाही. शिवाय जमिनीतील पाणी गोठून बर्फाचे पातळ थर बनतात, जमीन फुगते, वितळताच पुन्हा बसते. आणि ह्या उचलबांगडीत उथळ मुळांचे रोप मातीबाहेर ढकलले जाते. म्हणूनच तेथील अनुभवी माळी रोपाला ऊब देण्याच्या फार मागे लागत नाही; तो वाफा उंच करतो, बुडाशी खडी पसरतो आणि शरद ऋतूत नत्रयुक्त खत व खोल छाटणी दोन्ही टाळतो. उशिरा फुटलेले कोवळे धुमारे थंडीत टिकत नाहीत. एरवीही छाटणी पानांच्या खालच्या जुन्या, निष्पर्ण लाकडात जाऊ देत नाहीत. तेथून नवा फुटवा क्वचितच येतो.

आता वर्धा जिल्ह्याकडे वळू. हिंगणघाट व समुद्रपूर तालुक्यांतील खोल काळी जमीन कपाशीस कितीही मानवली, तरी थाईमच्या दृष्टीने तिच्यात एक चमत्कारिक विसंगती आहे. रासायनिक दृष्ट्या ती प्रतिकूल नाही. तिच्यात चुनखडीचे खडे असतात, सामू अल्कधर्मी असतो, आणि थाईमला चुना मानवतो. अडचण आहे ती भौतिक स्वरूपाची. माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते व निचरा जवळजवळ थांबवते. उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि बारीक मुळे तोडते. उत्तरेत जे काम गोठण करते, तेच येथे ओल आणि ऊन मिळून करतात. जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत येतो. भूमध्य प्रदेशात ओल येते ती थंडीबरोबर. येथे ती उष्म्याबरोबर येते, आणि उबदार ओली माती ही मूळकूज घडविणाऱ्या कवकांस पोषक. तेव्हा वर्ध्याच्या थाईमचा खरा वैरी वैशाख नसून श्रावण होय, असे म्हणावयास हरकत नाही. वैशाखात दुपारची सावली व बेताचे पाणी द्यावे लागेलच. पण तेवढ्याने निभावते.

ह्यातून उपायाची दिशा ठरते. काळ्या मातीत चार घमेली वाळू मिसळून निचरा सुधारतो ही समजूत सोडून द्यावी. एवढ्याशा वाळूने चिकणमातीचा गुण पालटत नाही. त्यापेक्षा आर्वी, आष्टी, कारंजा भागातील उथळ मुरमाड बरड जमीन, जी शेतकऱ्याच्या लेखी हलकी, ती येथे उजवी ठरावी. अन्यत्र मुरूम व थोडी माती ह्यांचा हातभर उंचीचा गादीवाफा करावा, किंवा सरळ कुंडी घ्यावी. बी अत्यंत बारीक असते. ते ऑक्टोबरअखेरीस रात्री निवू लागल्यावर मातीवर नुसते भुरभुरावे, पुरू नये. रोपे नोव्हेंबरअखेर लावल्यास फेब्रुवारी-मार्चमध्ये पाला मिळू शकतो. पुढे झाड राखावयाचे तर मृगापूर्वीच कुंडी वळचणीच्या आत, पण उजेडात हलवावी. एरवी त्यास हिवाळी हंगामी पीक मानणेच शहाणपणाचे.

आणि एवढा खटाटोप ज्या गुणासाठी करावयाचा, तो गुण चामर कुलातील ओवा विनासायास देतो, हेही येथे सांगितले पाहिजे. थाईमच्या तेलातील स्फटिकमय द्रव्य कास्पार नॉयमान ह्याने १७१९ मध्ये वेगळे केले. लालमाँ ह्याने १८५३ मध्ये त्याचा शुद्ध स्वरूपात अभ्यास केला. हेच ते थायमॉल. आणि आपल्या बाजारातील ओव्याचे फूल म्हणजेही तेच. थाईमच्या सुक्या पानांत तेल साधारणतः १ ते २.५ टक्के, तर ओव्याच्या दाण्यांत २ ते ४ टक्के असते, व त्यात पुष्कळदा निम्म्याच्या आसपास थायमॉल भरते. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानचा ओवा जर्मनीस जाऊन तेथे त्यातून थायमॉल काढले जाई, ह्याचे मर्म ह्या आकड्यांत आहे. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या दोन्ही कुले परस्परांपासून दूरची. तरीही हिमालयात वाढणाऱ्या रानटी थाईमला (थायमस लिनिॲरिस) तेथील लोक बन अजवायन म्हणतात. नाकाने केलेले हे वर्गीकरण रसायनशास्त्रास पटण्याजोगे आहे.

ओवा वर्षायू असल्याने त्याला दरवर्षीचा पावसाळा मुळांवर सोसावा लागत नाही. प्रतिकूल काळ तो दाण्याच्या रूपाने कोठीत काढतो. थाईमला ती सोय नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणास ह्या विषयात प्रयोग करावयाचा असेल, तर उष्णता व ओल ह्यांचे परिणाम वेगळे करून पाहणे अगत्याचे आहे : एकाच मुरमाड वाफ्याचे दोन भाग करावेत, एकावर पावसाळ्यात पारदर्शक छप्पर घालावे, दुसरा उघडा ठेवावा, आणि काळ्या मातीतही तीच जोडी उभारून सप्टेंबरअखेर चारही वाफ्यांतील जिवंत रोपे मोजावीत.