परतीचा सण

व्हिएतनामी माणूस नववर्ष साजरे करीत नाही. तो ते खातो. नववर्षाच्या या महोत्सवाला ‘तेत’ असे नाव असून ‘आन तेत’, म्हणजे तेत खाणे, हाच त्यांच्या भाषेतील रूढ प्रयोग आहे. आणि ज्या मुलखाने परचक्र, दुष्काळ आणि यादवी यांचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतला, तेथे वर्षातून एकदा पोटभर जेवणे हीच उत्सवाची पहिली व्याख्या ठरावी, यात मला तरी नवल वाटत नाही. मात्र या जेवणाला एक अट आहे. ते आपल्या घरी, आपल्या माणसांच्या पंक्तीत व्हावे लागते. आणि आपल्या माणसांत तेथे मृतांचीही गणना होते.

चांद्रवर्षाच्या अखेरच्या महिन्यात, तेविसाव्या दिवशी, चुलीची देवता माशावर आरूढ होऊन स्वर्गी जाते आणि त्या घरातील वर्षभराच्या बऱ्यावाइटाचा जबाब तेथील दरबारी रुजू करते. मग चिकट तांदूळ, मूगडाळ आणि डुकराचे मांस हिरव्या पानांत बांधून त्याचे ‘बान चुंग’ नावाचे चौकोनी मुटके दहाबारा तास उकळत ठेवायचे, आणि त्या हंड्याभोवती घरातील थोरामोठ्यांनी रात्र जागवायची; दक्षिणेत हेच पक्वान्न लांबट गोल आकारात बांधतात. वर्षाच्या शेवटच्या दिवशी धूप लावून पूर्वजांना घरी बोलावतात, आणि काही दिवसांनी त्यांना रीतसर निरोप देतात. पहिल्या दिवशी केर काढीत नाहीत, कारण त्याबरोबर लक्ष्मीही उंबऱ्याबाहेर जाईल ही भीती. त्या दिवशी उंबरा प्रथम ओलांडणारा पाहुणा भाग्यवान असावा लागतो. सुतकातील माणसाने तर दुसऱ्याच्या घरी पाऊलही टाकू नये, असा संकेत आहे. ज्या काळात गावातील घराघरात सुतक असे, त्या काळात हा पहिला पाहुणा आणायचा तरी कोठून?

१९५४ च्या जिनिव्हा करारान्वये सतराव्या अक्षांशापाशी देश दुभंगला, तेव्हा दोन वर्षांत निवडणुका होऊन तो पुन्हा सांधला जाईल, या भरवशावर कित्येक दक्षिणी लोक उत्तरेत गेले, आणि लक्षावधी उत्तरी लोक दक्षिणेत उतरले. निवडणुका झाल्या नाहीत. दोन वर्षांची वीस वर्षे झाली. उत्तरेत हनोईला शिधापत्रिकेवर सणासाठी म्हणून थोडी मूगडाळ, चहा, मिठाई अशी एक पिशवी मिळे आणि शेजारपाजारची घरे एकाच हंड्यात मुटके शिजवीत. दक्षिणेत सायगॉनमध्ये लोकप्रिय झालेल्या एका गाण्याचे शीर्षकच ‘या वसंतात लेकरू घरी येणार नाही’ अशा अर्थाचे होते.

उत्तर-दक्षिण युद्धाच्या काळात तेतच्या दिवसांत शस्त्रे खाली ठेवण्याची तजवीज युद्धमान पक्ष अधूनमधून करीत, ती या घरी परतण्याच्या ओढीचा मान राखूनच. परंतु त्याच ओढीचा युद्धात उपयोग करण्याची परंपराही जुनी होती. १७८९ मध्ये क्वांग त्रुंग या राजाने आपल्या फौजेला तेत आधीच उरकून घ्यायला लावला आणि सण पाळीत बसलेल्या चिनी सैन्यावर थांग लाँग, म्हणजे आजचे हनोई, येथे नववर्षाच्या पाचव्या दिवशी झडप घातली. हा विजय तेथील शाळकरी पोरांनाही पाठ असतो.

१९६८ ची गोष्ट पंचांगापासून सुरू होते. आदल्या ऑगस्टात हनोई सरकारने फर्मान काढून पंचांगाचे गणित १२० अंश पूर्व रेखांशाऐवजी १०५ अंशांवर आणले होते. त्या जानेवारीत अमावास्येचा क्षण हनोईच्या घड्याळात मध्यरात्रीपूर्वी सुमारे अर्धा तास, तर सायगॉनच्या घड्याळात मध्यरात्रीनंतर सुमारे अर्धा तास पडला. परिणामी उत्तरेचा तेत २९ तारखेला आणि दक्षिणेचा ३० ला आला. याच तेतला दक्षिणेतील शहरांवर एकदम हल्ला करण्याचा उत्तरेचा बेत होता. तिच्या बाजूच्या काही तुकड्यांनी उत्तरेचे पंचांग धरले, काहींनी दक्षिणेचे, आणि त्यामुळे मध्य व्हिएतनामातील काही शहरांवर हल्ला एक रात्र आधीच झाला, असे सांगतात. पंचांगावरून वाद घालण्यात आपण महाराष्ट्रीयही मागे नाही. परंतु आपल्याकडे त्यापायी तोफा सुटल्या नाहीत. दक्षिणेची सुमारे निम्मी फौज त्या वेळी रजेवर गेलेली, राष्ट्राध्यक्ष थ्येऊ सासुरवाडीला. शंभरावर शहरांत आणि गावांत गोळ्यांचा कडकडाट सुरू झाला, तेव्हा कित्येकांना ते सणाचे फटाकेच वाटले.

जुनी राजधानी ह्वे सर्वाधिक होरपळली. तेथे जवळजवळ महिनाभर घरोघर लढाई चालली आणि नंतर सामूहिक खड्ड्यांतून सुमारे २,८०० प्रेते निघाली. न्या का ही लेखिका वडिलांच्या अंत्यविधीसाठी म्हणून त्या शहरात आली होती, ती वेढ्यात सापडली; पुढे १९६९ मध्ये तिने त्या दिवसांवर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात शहराला मृताच्या नातलगांनी डोक्याला बांधायची पांढरी पट्टी दिली. एका माणसाचे सुतक पाळायला आलेल्या स्त्रीने एका नगराचे सुतक पाळावे, याहून अधिक ते नाव काही सांगत नाही.

व्हिएतनामी श्रद्धेनुसार घरापासून दूर, वाटेवर आलेले मरण फार वाईट. त्या जिवाला थडगे नाही, तिथी नाही, तेतच्या दिवशी परतायला उंबरा नाही. युद्धात बेपत्ता झालेल्या व्हिएतनामींची संख्या सामान्यतः ३ लाखांच्या आसपास सांगितली जाते. ह्वेमध्ये तेतनंतरच्या दिवसांत एकेका गल्लीत अनेक घरांची श्राद्धे लागोपाठ येतात. ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांची एखादा दिवस ठरवून. घरात पूर्वजांचे ताट वाढले जाते, आणि बाहेर अंगणात, उंबऱ्याच्या पलीकडे, ज्यांना कोणी बोलावीत नाही त्यांच्यासाठी पातळ भाताची पेज, मूठभर तांदूळ आणि मीठ निराळे मांडून ठेवतात.