हेल्सिंकी–टोकियो हवाई मार्ग : अंतर आणि काल

दोन नगरांमधील अंतरास विमानाच्या वेगाने भागले की प्रवासाचा काल मिळतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु कोणते अंतर आणि कोणता वेग, हे त्यात आधीच गृहीत धरलेले असते. फिनलंडमधील हेल्सिंकी व जपानमधील टोकियो यांना जोडणारा मार्ग या दृष्टीने उद्बोधक आहे.

मर्केटरच्या नकाशावर ही नगरे सरळ रेषेने जोडल्यास त्या रेषेची भूपृष्ठावरील लांबी सुमारे ८,७५० किलोमीटर भरते. बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलावरील लघुतम मार्गाने मोजल्यास अंतर सुमारे ७,८०० किलोमीटरच होते. म्हणूनच टोकियो पुष्कळ दक्षिणेस असूनही हा मार्ग आरंभी ईशान्येस निघतो, सुमारे ६७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि मग दक्षिणेकडे उतरतो.

वेगाचीही गोष्ट अशीच आहे. यंत्राने मिळतो तो हवेच्या सापेक्ष वेग. भूपृष्ठाच्या सापेक्ष वेग वाऱ्यावर अवलंबून असतो. जपानवरील उच्च वातावरणात पश्चिमेकडून अतिवेगवान वारे वाहतात, हे वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून केलेल्या निरीक्षणांतून दाखविले. पूर्वेकडील प्रवास परतीच्या प्रवासाहून सामान्यतः लवकर संपतो तो यामुळेच. ताशी ८५० किलोमीटर वेग धरल्यास लघुतम मार्गास सव्वानऊ तास लागावेत. २०२२ पूर्वी प्रत्यक्षात साडेनऊ तासांच्या आसपास लागत.

मात्र हा मार्ग सायबेरियावरून जातो, आणि १९४४ च्या शिकागो करारानुसार आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व असते. १९८३ मध्ये फिनएअरने टोकियोची विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा सोव्हिएत आकाश टाळून उत्तर ध्रुवाकडून व बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून जावे लागे. पुढे सायबेरियाचा मार्ग मोकळा झाला. परंतु युक्रेनवरील आक्रमणानंतर, फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस, रशियाने फिनलंडच्या विमानांस आपले आकाश बंद केले. हेल्सिंकी ते ध्रुव ३,३००, ध्रुव ते बेरिंग २,७०० आणि तेथून टोकियो ४,७०० किलोमीटर, अशी बेरीज केली तरी किमान १०,७०० किलोमीटर होतात. मार्च २०२२ मध्ये सेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा प्रवासास सुमारे तेरा तास लागू लागले. १९८३ मध्येही साधारण तेवढेच लागत.

सुमारे चार दशकांत विमाने पुष्कळ सुधारली, तरी काल पुन्हा पूर्वपदावर आला. ही वाढ केवळ प्रवाशाच्या गैरसोयीपुरती नाही. अधिक इंधन, त्या इंधनाचे वजन, त्यामुळे घटणारा माल आणि वैमानिकांच्या कामाचे वाढलेले तास हे सर्व तीत येते. पूर्व आशियास युरोपातील जवळचे द्वार म्हणून हेल्सिंकीने मिळविलेले स्थान ज्या भूमितीवर उभे होते ती बदलली नाही; बदलली ती तिचा उपयोग करण्याची मुभा. म्हणून व्यापार वा दळणवळण यांच्या अभ्यासात ‘अंतर’ हे परिमाण योजताना ते नकाशावरचे, गोलावरचे की प्रत्यक्ष उड्डाणाचे, हे अभ्यासकाने प्रथम स्पष्ट करणे अगत्याचे आहे.