पेनड्राइव्ह दिसत नाहीये? फॉरमॅट करण्याआधी हे वाचा

पेनड्राइव्ह लावला, पण 'धिस पीसी'मध्ये काहीच नाही? विंडोजवर या क्रमाने तपासा.

🔹 आधी पोर्ट बदला. यूएसबी हब काढून थेट जोडा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूचा पोर्ट वापरा. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. तिथे चालला तर दोष पेनड्राइव्हचा नाही.

🔹 तरीही दिसत नसेल, तर विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खरं निदान इथेच होतं:

१) ड्राइव्ह आहे, पण अक्षर नाही: राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर'मधून मोकळं अक्षर द्या. डेटा जसाच्या तसा राहतो.

२) 'रॉ' किंवा 'अनअलोकेटेड' दिसतंय: फाइल सिस्टिम किंवा पार्टिशनची नोंद बिघडली आहे. विंडोज फॉरमॅट करायला सांगेल, पण घाई नको. आधी टेस्टडिस्क किंवा फोटोरेक या मोफत प्रोग्रॅमने फाइली दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. ड्राइव्ह मॅक किंवा लिनक्सवर फॉरमॅट केलेला असेल, तर मात्र तो तिथेच उघडा.

३) 'नो मीडिया': कंट्रोलरला मेमरी चिप सापडत नाही. फॉरमॅटचा इथे उपयोग नाही. डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न्या.

🔹 कुठेच नोंद नाही? केबलवाला माउस त्याच पोर्टला लावून बघा. तो चालला, तर बहुधा पेनड्राइव्हच गेला.

महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत कायम दुसरीकडे ठेवा. पोस्ट सेव्ह करून ठेवा, अडचण आली की कामी येईल!