भाषाधोरण आणि प्रादेशिक अस्थिरता

नवस्वतंत्र राष्ट्रांत प्रादेशिक असंतोष का निर्माण होतो, याचे एक कारण आपण पूर्व पाकिस्तानच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

१९४७ मध्ये स्थापन झालेल्या पाकिस्तानात निम्म्याहून अधिक लोकांची मातृभाषा बंगाली होती. उर्दू मातृभाषा असणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते. तरीही मार्च १९४८ मध्ये महंमद अली जिना यांनी ढाक्यात उर्दू हीच राज्यभाषा राहील, असे जाहीर केले. राज्यभाषा ही नोकरी, न्यायालय व स्पर्धापरीक्षा यांचीही भाषा असते. त्यामुळे सुशिक्षित बंगाली तरुण शासनव्यवहारापुरता निरक्षर ठरणार होता. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यातील निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला; मृतांत विद्यार्थीही होते. १९५६ च्या राज्यघटनेने बंगालीला मान्यता दिली. परंतु सैन्य व प्रशासन यांवरील पश्चिम पाकिस्तानचे वर्चस्व कायम राहिले. अखेर १९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. अनेक भाषा असल्यामुळे राष्ट्र अस्थिर होत नाही. शासनात शिरण्याची वाट एकाच भाषेतून ठेवली, की इतर भाषिक प्रदेशांना ते राज्य परके वाटू लागते.

स्वयंअध्ययन प्रश्न : १९५६ मध्ये भाषेला मान्यता मिळूनही असंतोष का शमला नाही?