जुनी सर्दी आणि बुरशीचे वावडे

वर्षानुवर्षे नाक चोंदलेले राहणे, वास न येणे, घशात घट्ट कफ उतरत राहणे या तक्रारींची बोळवण आपल्याकडे बहुधा 'जुनी सर्दी' या दोन शब्दांत होते. नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांची, म्हणजे सायनसची, ही दीर्घकालीन सूज अनेक कारणांनी येते. त्यांपैकी बुरशीचे वावडे हे कारण वेगळे ओळखावे लागते. १९८३ साली अमेरिकेतील कॅट्झेनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. बहुतेकांना त्यांचा उपद्रव होत नाही. काहींचे शरीर मात्र त्यांना अवाजवी प्रतिसाद देते. त्यामुळे नाकात मांस वाढते, सायनसची तोंडे बुजतात आणि आत डिंकासारखा चिवट स्राव साचतो. त्यात बुरशीचे तंतू आढळतात, परंतु ते आतील त्वचेत शिरत नाहीत. भारतीय रुग्णांत बहुधा सापडते ती ॲस्परजिलस फ्लेव्हस. दमट जागी साठविलेल्या भुईमुगावर व मक्यावर वाढते तीच.

२०२१ मधील म्यूकरमायकोसिसच्या साथीपासून 'बुरशी' हा शब्द ऐकताच रुग्ण घाबरतो. ती भीती निराधार नव्हती. पण तो रोग निराळा. म्यूकर रक्तवाहिन्यांत शिरते, काही दिवसांत डोळा व मेंदू गाठते आणि मुख्यत्वे अनियंत्रित मधुमेहींना ग्रासते. वावड्याचा विकार सावकाश वाढतो व बहुधा धडधाकट तरुणांत दिसतो. येथे स्टेरॉइड हा उपचाराचा भाग असतो. म्यूकरमध्ये तेच घातक ठरते. म्हणूनच तपासणीवाचून औषध घेणे धोक्याचे आहे.

साचलेल्या स्रावाच्या दाबाने हाड पातळ होते आणि डोळा पुढे येऊ शकतो. वर्गातील एखादा मुलगा सतत तोंडाने श्वास घेत असेल व त्याचा एक डोळा पुढे आलेला दिसत असेल, तर शिक्षकांनी पालकांना कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे तातडीने पाठवावे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने सायनस स्वच्छ करतात. तथापि वावडे कायम असल्याने विकार उलटण्याचा संभव मोठा असतो. नाक मोकळे झाले की रुग्ण फिरकत नाही, ही खरी अडचण आहे. नाकातील फवारा, मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि नियमित तपासणी दीर्घकाळ चालू ठेवावी लागते. धुण्याचे पाणी मात्र उकळून थंड केलेलेच असावे.