सहा तासांचा कुर्ता

नोकरी सोडायची, स्वतःचं छोटंसं बुटिक टाकायचं, भिंतीवर मित्रमैत्रिणींची चित्रं लावायची, संध्याकाळी कॉफी आणि गप्पा... स्वप्न एकदम झक्कास! पण हातानं बनवलेल्या कपड्यांचं दुकान नेमकं चालतं कशावर? गल्ल्यामागे बसून, हात पोळून घेऊन शिकलेला हा हिशेब.

शनिवारची संध्याकाळ. पुण्यातल्या एका जुन्या बंगल्याचं गॅरेज, म्हणजेच माझं दुकान. दोन मुली आत येतात. एक थेट निळ्या कुर्त्यापाशी जाते. गळ्याभोवती कसूतीचं भरतकाम, योकला खणाचा तुकडा. ती तो अंगाला लावून बघते, आरशासमोर वळते, खूश होते. मग लेबल बघते. आणि तिची मैत्रीण ते वाक्य टाकते, जे ऐकल्याशिवाय माझा एकही शनिवार संपत नाही.

"अगं, सेम टु सेम ऑनलाइन सातशेला मिळतं!"

पूर्वी हे ऐकलं की माझं डोकं सटकायचं. मग मी दहा मिनिटं हातमागावर भाषण द्यायचे. मुली "हो का? वॉव!" म्हणायच्या आणि निघून जायच्या. आता मी फक्त हसते आणि म्हणते, "मिळतं ना. बसा, चहा घेणार?"

या एका वाक्यापर्यंत यायला मला तीन वर्षं लागली.

बोर्ड लागला, पुढे काय?

२०२२च्या दसऱ्याला मी दुकान उघडलं. त्याआधी नऊ वर्षं आयटीत होते. प्रोजेक्ट मॅनेजर, म्हणजे दुसऱ्यांच्या तासांचा हिशेब ठेवणं हेच काम! कुठल्या माणसाचे किती तास, कुठल्या क्लायंटला किती बिल, सगळं एक्सेलमध्ये चोख. गंमत बघा, स्वतःचं दुकान टाकल्यावर नेमकं हेच विसरले.

बाकी सगळा थाट मनासारखा होता. पुढचं गॅरेज म्हणजे दुकान, मागची दहा बाय बाराची खोली म्हणजे 'आर्ट स्पेस'. म्हणजे काय, तर चुना लावलेल्या चार भिंती, दोन फोकस लाइट आणि जुन्या बाजारातून आणलेली सतरंजी. तिथे कला महाविद्यालयातली मुलं आपली चित्रं लावणार, विकलं गेलं तर तीस टक्के माझे. पहिल्या दिवशी सगळं मित्रमंडळ लोटलं. 'कसलं हटके आहे हे!' असं म्हणत प्रत्येकानं फोटो काढले. सासूबाईंनी ओवाळलं आणि भवानीही त्यांनीच केली.

वर्षभर दुकान छान चाललं. महिन्याला सरासरी ऐंशी कपडे जात होते. आणि तरीही माझ्या बचत खात्यातले पैसे दर महिन्याला थोडे थोडे कमी होत होते. कुठे जात होते, ते कळेना.

एका कुर्त्याचं पोस्टमॉर्टेम

दिवाळीनंतर माझा सीए असलेला मावसभाऊ दुकानात आला. म्हणाला, "ताई, एकच कुर्ता घे. त्याचा हिशेब मांड." मांडला.

हातमागाचं सुती कापड अडीच मीटर, ७०० रुपये. खणाचा तुकडा १५०. टेलरकाकांची शिलाई ३५०. बटणं, लेबल, कापडी पिशवी मिळून ६०. आणि गळ्यावरची कसूती. ती करतात धारवाडकडून पुण्यात आलेल्या मावशी आणि त्यांच्या दोघी नात्यातल्या. एका गळ्याला सहा तास, तासाला ९० रुपये, म्हणजे ५४०. एकूण १,८०० रुपये. मी विकत होते २,२००ला.

"बघ, चारशे सुटतात की!" मी म्हटलं.

"भाडं?" त्यानं विचारलं.

भाडं बावीस हजार. मदतीला येणाऱ्या मुलीचा पगार बारा हजार. वीज, नेट तीन हजार. चहापाणी, रिक्षा, दुरुस्त्या आणखी तीन. झाले चाळीस हजार. भागिले ऐंशी कपडे, म्हणजे प्रत्येकी पाचशे.

चारशे सुटत होते आणि पाचशे जात होते. म्हणजे प्रत्येक कुर्त्यामागे मी गिऱ्हाइकाला माझ्या खिशातून शंभर रुपये देत होते. आणि वर 'थँक यू, परत या' म्हणत होते!

"आणि तुझा पगार?" त्याचा शेवटचा प्रश्न.

मी गप्प. माझा पगार मी धरलाच नव्हता. कारण हे तर माझं 'पॅशन' होतं ना! तो म्हणाला, महिन्याला पंचवीस हजार तरी धर. मग खर्च झाला पासष्ट हजार, म्हणजे कपड्यामागे ८१२. कुर्त्याची खरी किंमत निघाली २,६१२ रुपये.

या चुकीत मी एकटी नाही, हे नंतर वाचून बरं वाटलं. १९५५ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर 'बझार' नावाचं दुकान निघालं. मिनीस्कर्टमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेली मेरी क्वांट, तिचा नवरा होऊ घातलेला अलेक्झांडर प्लंकेट ग्रीन आणि त्यांचा मित्र आर्ची मॅकनेअर यांचं. क्वांटबाई सुरुवातीला कापड आणायच्या चक्क हॅरॉड्समधून, किरकोळ भावानं! ठोक भावात कापड कुठे मिळतं हेच ठाऊक नव्हतं. रात्री घरी शिवायचं, सकाळी दुकानात टांगायचं. ज्यांनी पुढे फॅशनचा इतिहास घडवला, त्यांनाही पहिला धडा हिशेबाच्या वहीनंच दिला.

बावीसशे की सव्वीसशे?

किंमत वाढवायची ठरवली आणि पोटात गोळा आला. २,२००लाच लोक नाकं मुरडतात, तर २,६१२ला कोण घेणार?

सोपा रस्ता समोरच होता. मावशींचा दर ९० वरून ६० करायचा. अशी कामं अशा दरानं सर्रास होतात. घरी बसून भरतकाम करणाऱ्या बाईला युनियन नसते, अपॉइंटमेंट लेटर नसतं. 'परवडत नाही हो मावशी' म्हटलं की तीही मान डोलावते. खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी हा विचार केला. मग मावशी सोमवारी पंधरा गळे घेऊन आल्या. त्यातला एक त्यांनी उलटा करून माझ्यापुढे धरला. "बघा, उलट कुठली, सुलट कुठली?"

मला सांगता आलं नाही. कसूतीची हीच तर खासियत. कापडाचे धागे मोजून टाके घालायचे, आधी रेखाटन नाही, सुरुवातीला गाठ नाही. गवंती आणि मुरगी हे टाके नीट पडले तर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. मशिनला हे जमत नाही असं नव्हे, पण असा कुर्ता सातशेला मात्र मिळत नाही. ही उलटी बाजू कुणाला दिसणार नव्हती. तरी मावशींनी ती नीट केली होती. त्यांचे तीस रुपये कापायचा विषय तिथेच संपला.

मग २,६१२ लावले. पहिले दोन महिने विक्री घसरली, मग हळूहळू सावरली. आणि सगळं स्थिरावतंय म्हणेपर्यंत २२ सप्टेंबर २०२५ उजाडला! जीएसटीचे दर बदलले. अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्याला पाच टक्के, त्यावर अठरा. (आधी हजाराच्या वर बारा टक्के होते.) परराज्यातल्या प्रदर्शनांत विकता यावं म्हणून मी जीएसटी नोंदणी केलेली. आता २,६१२चा कुर्ता गिऱ्हाइकाला पडणार ३,०८२ला. तोच जर २,५००च्या आत बसला, तर जेमतेम सव्वीसशेला!

पुन्हा वही उघडली. या वेळी मावशी आणि टेलरकाका दोघांनाही बसवलं. मावशी म्हणाल्या, गळ्यावरची दोन गोपुरं कमी करूया, सहाचे पाच तास होतील. ९० रुपये वाचले. टेलरकाकांनी कटिंगचा कागद फिरवून दाखवला, दहा सेंटिमीटर कापड वाचलं, म्हणजे २८ रुपये. किंमत आली २,४९४. दर कुणाचाच कापला नाही, फक्त डिझाइन बदललं. माझ्या नऊ वर्षांच्या आयटी करिअरमधली एकही मीटिंग इतकी कामाची झाली नव्हती.

मागच्या खोलीचा फंडा

आता त्या आर्ट स्पेसचं. खरं सांगायचं तर चित्रांतून भाडं निघत नाही. गेल्या वर्षभरात अकरा चित्रं विकली गेली, तीही लहान आकाराची. उद्घाटनाला साठ माणसं येतात, चहा पितात, सेल्फी काढतात आणि जातात. ती खोली बंद करून तिथे स्टॉक ठेव, असं मला अनेकांनी सुचवलं.

मग एका रविवारी मावशींनाच म्हटलं, तुम्ही शिकवा. दोन तासांची कसूतीची कार्यशाळा, दहा जणं, माणशी ६०० रुपये, कापड-दोरा आमचा. जमले सहा हजार. निम्मे मावशींचे, हजार सामान आणि चहाचे, दोन हजार खोलीचे. आता महिन्यात दोन रविवार हे चालतं. पैसे फार नाहीत, पण खोली स्वतःचा खर्च स्वतः काढते.

खरी कमाई वेगळीच होती. दोन तास मान मोडून बसल्यावर बहुतेकांचं एक छोटं गोपुरही पुरं होत नाही. धागा मोजायला चुकलं की उसवा. एक बँकेत काम करणारा मुलगा घाम पुसत म्हणाला, "मावशी, तुम्ही अख्खा गळा कसा करता हो?" जाताना त्यानं बहिणीसाठी कुर्ता घेतला. किंमत विचारली, कमी करा म्हणाला नाही. कार्यशाळेला आलेल्या कुणीही आजवर माझ्याशी घासाघीस केलेली नाही!

माझं भाषण जे करू शकलं नाही, ते एका सुईनं केलं. लोक कंजूष नसतात हो. कपड्यामागचे तास त्यांना दिसत नाहीत, एवढंच. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल आणली आणि आपण सगळे खवळलो. बरोबरच होतं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मिळालेला, आणि यांनी आधी साधा उल्लेखही केला नव्हता. टीका झाल्यावर मूळ मान्य केलं. पण त्याच आठवड्यात रस्त्यावरच्या चप्पलवाल्याशी 'दोनशे कमी कर ना' म्हणून किती जण भांडले असतील?

'मोठं कधी होणार?'

हा पुढचा प्रश्न. एका मॉलकडून विचारणाही आली होती. चकाचक काउंटर, वीकेंडची गर्दी. मोह झाला. पण काउंटर भरायला महिन्याला तीनशे कपडे हवेत. मावशी आणि त्यांच्या दोघी महिन्याला ऐंशी गळे करतात. उरलेले कुठून? मशिनमधून. म्हणजे मग आम्ही ते सातशेवालेच.

इथे पुन्हा लंडन आठवतं. १९६४ मध्ये बार्बरा हुलानिकीच्या एका चौकड्यांच्या गुलाबी ड्रेसला 'डेली मिरर'मधून सुमारे १७ हजार ऑर्डरी आल्या. त्याच वर्षी तिचं 'बिबा' हे छोटं दुकान सुरू झालं. अंधारा प्रकाश, जोरात संगीत, तरुण पोरींची झुंबड. दुकान मोठं होत होत १९७३ मध्ये सात मजली झालं, गच्चीवर फ्लेमिंगो वगैरे. १९७५ मध्ये बंद! मोठेपणाला पैसे हवेत, पैसेवाले भागीदार आले की त्यांचं म्हणणंही येतं. मी मॉलला नम्रपणे नाही म्हटलं. माझं दुकान ऐंशी कपड्यांचं आहे. एक्क्याऐंशीवा हवा असेल तर आधी चौथी मावशी हवी.

आणि त्या शनिवारच्या मुली? त्यांनी चहा घेतला. निळ्या कुर्तेवालीनं कुर्ता उलटा केला, परत सुलटा केला. मैत्रिणीला दाखवला. कुर्ता मात्र घेतला नाही, महिनाअखेर होती. पण जाताना दोघींनी रविवारच्या कार्यशाळेत नावं लिहिली. सातशेचं वाक्य जिनं टाकलं होतं, तिचं नाव आधी आहे.

दुकान टाकताय? मग हे वाचाच!

• स्वतःचा पगार पहिल्या दिवसापासून किमतीत धरा. तो काढता येत नसेल तरी वहीत लिहा.

• महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असतील तर नोंदणीची गरज नाही, ऑनलाइन सूचना द्यावी लागते.

• फक्त वस्तू विकत असाल तर राज्यात सर्वसाधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात विकायचं असेल तर नियम वेगळे, सीएला विचारा.

• 'हातमाग' म्हणून कापड घेताना २००६ मध्ये सुरू झालेलं हँडलूम मार्कचं लेबल बघा. बाजारात यंत्रमागावरचं खण भरपूर आहे. गुळेदगुड्डचं हातमागाचं खण हवं असेल तर विणकर किंवा सोसायटीकडूनच घ्या.

• चित्रकारांशी कमिशन, मुदत आणि चित्र खराब झालं तर भरपाई कुणाची, हे आधीच कागदावर लिहून घ्या. मैत्री टिकते!

• भरतकाम करणाऱ्यांचे पैसे काम हातात आल्याच्या दिवशी द्या. कपडा विकला जाईपर्यंत थांबवू नका. धंद्यातली जोखीम तुमची आहे, त्यांची नाही.