हसू आवरेना तेव्हा

टॉड फिलिप्स यांच्या २०१९ सालच्या ‘जोकर’ या चित्रपटात आर्थर फ्लेक बसमध्ये पुढच्या आसनावरील लहान मुलाला हसवीत असतो. मुलाची आई त्याला हटकते आणि आर्थरलाच हसू फुटते. श्वास कोंडतो, तरी हसू थांबत नाही. डोळ्यांत मात्र वेदना असते. अखेर तो एक कार्ड तिच्या हाती देतो. आपल्याला विकार आहे, हसण्याबद्दल क्षमा असावी, असा त्यावरील मजकुराचा आशय. या भूमिकेसाठी वाकीन फीनिक्स यांना २०२० साली ऑस्कर मिळाले.

चित्रपट विकाराचे नाव सांगत नाही. परंतु लक्षणे ‘स्यूडोबल्बर अफेक्ट’शी जुळतात. हसण्या-रडण्याच्या क्रिया घडविणारी केंद्रे मेंदूच्या तळाशी असतात. त्यांचा लगाम मोठ्या मेंदूकडे असतो. पक्षाघात, डोक्याला जबर मार, मल्टिपल स्क्लेरॉसिस अशा कारणांनी मधले मार्ग दुखावले, की लगाम सुटतो. आर्थरलाही बालपणीच्या मारहाणीत डोक्याला इजा झालेली दाखविली आहे.

मात्र एका बाबतीत प्रेक्षकाने सावध राहावे. आर्थर पुढे हिंसेकडे वळतो. हा विकार माणसाला हिंसक बनवीत नाही. अनेक रुग्णांना तर हसण्याऐवजी रडू कोसळते. हे उमाळे थोडाच वेळ टिकतात आणि मनातील भावनेशी त्यांचा मेळ नसतो. म्हणूनच नैराश्याहून हा विकार वेगळा.

हे सारे पडद्यापुरते नाही. पक्षाघातातून सावरलेले वडील पुन्हा दुकानाच्या गादीवर बसू लागतात आणि दुःखाची वार्ता घेऊन आलेल्या माणसासमोर त्यांना हसू फुटते. समोरचा दुखावतो, घरचे ओशाळतात, आणि हळूहळू वडिलांना चारचौघांत नेणेच बंद होते. आजाराने न हिरावलेली माणसे अशा गैरसमजाने हिरावली जातात.

यावर उपचार आहेत. नैराश्यावरील काही औषधे अल्प मात्रेत उपयोगी पडतात; अमेरिकेत २०१० साली खास या विकारासाठी एका औषधाला मान्यता मिळाली. उमाळे केव्हा येतात, किती वेळ टिकतात, याची नोंद मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावी. त्या क्षणी रागावू नये. संथ श्वास घ्यायला सांगावे, विषय बदलावा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आधीच कल्पना द्यावी. आर्थरला स्वतःचे कार्ड स्वतःच बाळगावे लागले. घरातील वडीलधाऱ्यांसाठी ते काम कुटुंबाने करावे.